मांगरातली जुनी ट्यूबलाईट एलईडीवर आणताना

देवगडजवळ आमचा मांगर, म्हणजे सामानाची शेड, आहे. पावसाळ्यात आणि थंडीत तिथे पिकअप उभी असते. मार्च लागला की गाडी बाहेर काढायची आणि आत हापूसची आढी लावायची: खाली भाताचा पेंढा, त्यावर आंबा, परत पेंढा. रात्री अकरा-बारापर्यंत पेट्या भरणं चालतं, आणि हे सगळं दोन जुन्या ट्यूबलाईटच्या उजेडात. म्हणजे डोक्यावर सैल झालेली वायर आणि पायाखाली वाळकं गवत. बिल कमी येतं हे खरंच, पण मी हे काम हाती घेतलं ते त्या गवताकडे बघून.

दोन्ही पट्ट्या (पट्टी म्हणजे ट्यूब बसते तो पत्र्याचा सांगाडा) मी एलईडीवर आणल्या, म्हणजे एक आणली आणि दुसरी काढून टाकली. का, ते पुढे येईलच. पायऱ्या गाडीच्या कुठल्याही शेडला लागू पडतील, पण किनाऱ्यावर खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यामुळे काही गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. त्यांवर मी जास्त लिहिणार आहे. एक मात्र आधीच सांगतो: मल्टिमीटर कसा धरायचा हे माहीत नसेल, तर लेख वाचा आणि काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. तो काम करत असताना काय बघायचं, एवढं तरी कळेल.

जुन्या पट्टीत काय चालतं

फेज बटणातून चोकला जाते आणि चोकमधून ट्यूबच्या एका टोकाच्या एका पिनेला. त्याच टोकाची दुसरी पिन स्टार्टरला जोडलेली असते. स्टार्टरची दुसरी वायर ट्यूबच्या दुसऱ्या टोकाला जाते आणि तिथल्या उरलेल्या पिनेला न्यूट्रल असतं. बटण दाबलं की स्टार्टरमधली छोटी धातूची पट्टी तापून वाकते, सर्किट पूर्ण होतं आणि दोन्ही टोकांचे तंतू तापतात. ती पट्टी निवून सुटली की चोक जोराचा झटका देतो आणि ट्यूब पेटते. त्यानंतर चोकचं काम करंट आवरून धरण्याचं. सतत गुणगुणतो तो हाच.

एलईडी ट्यूबला यातलं काहीच लागत नाही. तिचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज करून देणारं सर्किट, तिच्या आतच असतो आणि तिला सरळ २३० व्होल्ट हवे असतात.

जुनी जाडी ट्यूब ४० वॅटची, नंतरची बारीक ३६ वॅटची. तांब्याच्या तारेचा चोक स्वतः दहा-बारा वॅट खातो, म्हणजे एक पट्टी पन्नास वॅटच्या आसपास वीज घेते. चार फुटी एलईडी ट्यूब १८ ते २० वॅटची येते. रोज पाच तास धरले, तर एका पट्टीमागे वर्षाला पन्नास-पंचावन्न युनिट वाचतात. तुमच्या बिलावरच्या दराने गुणून बघा.

पट्टी ठेवायची की बदलायची

हा निर्णय पट्टी उघडल्यावरच घ्यायचा. त्यासाठी वीज बंद करावी लागते आणि खरी जोखीम इथेच आहे.

नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून कधीही हात घालू नका. मांगराचा एमसीबी पाडणंही पुरेसं धरू नका, कारण जुन्या वायरिंगमध्ये कुठे फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली असेल हे बाहेरून दिसत नाही. घरचा मुख्य स्विच बंद करा, दोन्ही वायरी तोडणारा. त्यानंतर इन्व्हर्टर. आपल्याकडे वीज जाण्याची सवय असल्याने घराघरात इन्व्हर्टर आहे आणि मांगराचा एक दिवा हमखास त्यावर घेतलेला असतो. मेन बंद केला म्हणून निर्धास्त शिडीवर चढलात, तर पट्टीत इन्व्हर्टरची वीज तुमची वाट बघत असते. तीही २३० व्होल्टचीच. इन्व्हर्टर त्याच्या बटणाने बंद करा आणि त्याची बोर्डाकडे जाणारी जोडणीही तोडा.

टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून पेटतो का ते बघायचं, मग मेन बंद करायचा, मग पट्टीतल्या प्रत्येक वायरीला लावायचा. काम आटोपून वीज परत आली की टेस्टर पुन्हा एकदा सॉकेटमध्ये बघायचा. मधल्या वेळेत तो बिघडला नव्हता, एवढं त्यातून कळतं. शिडी लाकडी किंवा फायबरची घ्या, अॅल्युमिनियमची नको. पायात कोरडी रबरी चप्पल हवी, आणि जमीन सारवलेली असेल तर पूर्ण वाळू द्या.

काही पट्ट्यांत, विशेषतः जोडट्यूबच्या, एक डबीसारखा कपॅसिटर असतो. वीज बंद केल्यावरही त्यात भार राहू शकतो. त्याला हात न लावता दहा मिनिटं थांबा आणि त्याच्या दोन टोकांमध्ये मल्टिमीटरने व्होल्ट शून्य झाल्याची खात्री करा.

ट्यूब पाव वळसा फिरवून काढा आणि लगेच सुरक्षित जागी ठेवा. तिचं काय करायचं ते शेवटी सांगतो. आता झाकण.

आमची समुद्राच्या बाजूची पट्टी उघडली तेव्हा पहिल्यांदा तांबूस पापुद्रे खाली पडले. झाकणाचा स्क्रू निघालाच नाही, त्याचं डोकं गंजून गुळगुळीत झालं होतं. आत चोकला चिकटून पालीची दोन अंडी होती, पांढरी, गोल, वाटाण्याएवढी. कोपऱ्यात कुंभारणीचं मातीचं घर. होल्डरचं प्लास्टिक पिवळं पडून इतकं ठिसूळ झालं होतं की बोटाने दाबताच जुन्या पापडासारखं तुटलं. वायरीचं टोक सोललं तर आतलं तांबं काळं, आणि जिथे स्क्रूखाली होतं तिथे हिरवं. ते हिरवं म्हणजे मिठाने खाल्लेलं तांबं. तिथे जोड सैल होतो, सैल जोड तापतो, आणि ठिणगी पडली तर खाली पेंढा. ती पट्टी मी पूर्ण काढून टाकली.

दुसरी पट्टी आतल्या बाजूची, चिऱ्याच्या भिंतीला. तिच्यावर वरवर गंज होता, पण पत्रा टोचला तर भोक पडत नव्हतं, होल्डर घट्ट होते, स्प्रिंग दाबली की परत येत होती. तिला ठेवलं.

माझा ठोकताळा असा: स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पत्रा जोराने खरवडा. चकचकीत लोखंड दिसलं तर पट्टी वाचेल. पापुद्रे सुटत राहिले तर भंगारात. होल्डर मात्र पाच-सात वर्षांहून जुने असतील, तर चांगले दिसत असले तरी नवीनच घाला. तो खर्च अगदी किरकोळ असतो आणि बिघाड बहुतेक वेळा तिथेच होतो.

डमी स्टार्टरचा सोपा मार्ग

काही एलईडी ट्यूबबरोबर एक डमी स्टार्टर येतो. जुना स्टार्टर काढायचा, तो बसवायचा, ट्यूब लावायची, वायरिंगला हात लावायचा नाही. पाच मिनिटांत काम होतं, आणि भाड्याच्या जागेत मी हेच करेन. पण चोक तसाच मधे राहतो, थोडी वीज खात राहतो, तापत राहतो आणि गंजत राहतो. मुख्य म्हणजे जुने जोड तुम्ही उघडून बघतच नाही. किनाऱ्यावर या कामाचं अर्धं मोल जोड बघण्यात आहे, म्हणून चोक काढूनच टाकावा असं माझं ठाम मत आहे. डमी स्टार्टर वापरलाच, तर त्या पट्टीत पुन्हा जुनी ट्यूब लावायची नाही. तंतूंतून करंट थांबतच नाही आणि चोक भाजून निघतो.

दुकानात काय बघायचं

ट्यूबवर किंवा तिच्या खोक्यावर जोडणीचं चित्र छापलेलं असतं. ते बघितल्याशिवाय ट्यूब घेऊ नका. प्रकार दोन. एकात फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाच्या दोन पिनांना द्यायचे असतात आणि दुसरं टोक फक्त आधाराला असतं. दुसऱ्यात एका टोकाला फेज, दुसऱ्या टोकाला न्यूट्रल.

मिळाली तर मी एका टोकाची ट्यूब घेतो. दोन टोकांच्या ट्यूबमध्ये एक टोक बसवलं आणि वीज चालू राहिली असेल, तर हातातल्या दुसऱ्या टोकाच्या पिनांवर वीज येऊ शकते. वीज बंद करून ट्यूब बदलणाऱ्याला दोन्ही सारख्याच. पण मांगरात घाईगर्दीत ट्यूब कोण बदलेल ते आपल्या हातात नसतं.

खोक्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. व्होल्टेजची कक्षा बघा. संध्याकाळी आपल्याकडे दाब पडतो, तेव्हा जुनी ट्यूब नुसती लुकलुकायची. रुंद कक्षेची एलईडी कमी दाबातही नीट चालते. सर्जसंरक्षण (अचानक उसळणाऱ्या दाबापासूनचं) किती किलोव्होल्टचं ते छापलेलं असेल, तर जास्त असलेली घ्या. मेमधल्या वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या विजांमध्ये ड्रायव्हर मरतात ते याच कारणाने. तरीही जवळपास कडकडाट सुरू झाला की मेन बंद करण्याची सवय मोडू नका.

रंगाबद्दल जरा थांबून लिहितो, कारण इथे माझी चूक झाली होती. पहिल्यांदा मी ६५०० केल्विनची पांढरीशुभ्र ट्यूब आणली. उजेड भरपूर, पण आंब्याचा रंगच कळेना. देठाजवळ पिवळसर झालेलं फळ आणि अजून हिरवं असलेलं फळ सारखंच फिकट दिसायचं, आणि दोन पेट्यांत पिकलेला आंबा कच्च्यात गेला. नंतर ४००० केल्विनची आणि सीआरआय ८० च्या वर असलेली लावली. सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप, १०० पैकी. आता सालीवरचा डाग आणि पिकण्याची छटा वेगळी ओळखू येते. गाडीच्या कामालाही हाच उजेड बरा, लाल-काळ्या-हिरव्या वायरी एकमेकींत मिसळत नाहीत. शिवाय पहिल्या पावसानंतर पाखरांचा जो लोट दिव्यावर येतो, तो पिवळसर उजेडाकडे थोडा कमी येतो.

जोडणी

लागणारं सामान थोडंच आहे: टेस्टर, मल्टिमीटर, पक्कड, वायर सोलायची कात्री, स्ट्रिप कनेक्टर, एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, नवीन होल्डर, इन्सुलेशन टेप, पॉलिश पेपर.

चोक आणि स्टार्टर दोन्ही काढा, स्टार्टरचा सॉकेटसुद्धा. त्यांच्या वायरी तोडून पट्टीत लोंबत ठेवू नका, मुळापासून काढा. चोक काढल्यावर पट्टी एकदम हलकी लागते.

आता पट्टीत येणाऱ्या फक्त तीन वायरी उरायला हव्यात: फेज, न्यूट्रल, अर्थ. आपल्याकडे लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ असा रिवाज आहे. पण जुन्या घरात रंगावर विश्वास ठेवू नका. वायरींची टोकं एकमेकांपासून लांब मोकळी ठेवून खाली उतरा, वीज चालू करा, बटण दाबा आणि मल्टिमीटरने मोजा. मोजताना फक्त मीटरच्या सळ्यांची इन्सुलेशन असलेली मूठ धरायची. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास यायला हवे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम एक-दोन व्होल्ट. आता बटण बंद करून फेजवर परत मोजा. तिथे वीज राहता कामा नये.

आमच्याकडे ती राहत होती. खरं तर हे आधी लक्षात आलं ते काकीच्या. पहिली एलईडी लावली त्या रात्री ती म्हणाली, “बटण बंद केलंय, तरी ह्यो पेटता कसो?” अंधारात बघितलं तर ट्यूब अगदी मंद, काजव्यासारखी उजळत होती. कधीतरी कुणीतरी बटण न्यूट्रलच्या वायरीत घातलं होतं. जुनी ट्यूब एवढ्याशा करंटने पेटत नसे म्हणून वर्षानुवर्षं कळलं नाही. म्हणजे बटण बंद करून ट्यूब बदलणारा प्रत्येक जण चालू फेजला हात लावत होता. वायरमनकाकांना बोलावून बटण फेजमध्ये घेतलं, उजळणं थांबलं. बटणाला लहान निऑन दिवा असेल, तरी त्यातून झिरपणाऱ्या करंटने एलईडी असंच मंद पेटू शकते. पण तेच कारण असेल असं गृहीत धरू नका, आधी मोजा.

मोजमाप झालं की मेन आणि इन्व्हर्टर परत बंद, आणि टेस्टर परत एकदा.

एका टोकाची ट्यूब असेल, तर त्या बाजूच्या होल्डरच्या एका कप्प्यात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल. पलीकडच्या होल्डरला काहीच जोडायचं नाही. दोन टोकांची असेल, तर एका होल्डरला फेज, पलीकडच्याला न्यूट्रल. या दोन प्रकारांची गल्लत झाली, तर दोन टोकांच्या ट्यूबच्या आत एकमेकींना जोडलेल्या पिनांवर फेज आणि न्यूट्रल समोरासमोर येतात आणि थेट शॉर्ट होतो. एका टोकाची ट्यूब उलटी बसवली तरी काही ट्यूबमध्ये हेच घडतं. म्हणून ज्या होल्डरला वीज आहे त्याच्या शेजारी पट्टीवर लाल रंगाचा ठिपका द्या, आणि ट्यूबच्या त्या टोकालाही.

वायर सोलताना तांब्याचा एकही धागा तुटू देऊ नका, आणि सोललेला भाग कनेक्टरच्या बाहेर दिसता कामा नये. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून बघा. नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोडणी आपल्या हवेत दोन पावसाळे काढत नाही. टेपचा डिंक सुटतो आणि आत ओल शिरते.

अर्थची वायर पत्र्याच्या पट्टीला बांधायलाच हवी. जिथे बांधायची तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा आणि वरून थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. रंगावरच बांधलेली अर्थ नसल्यासारखीच. मांगराच्या लाईनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) नसेल, तर या निमित्ताने बसवून घ्या. ओल्या जमिनीवर माणूस वाचतो तो त्याने.

मीठ आणि पाणी

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात आमच्या मांगराचे दोन पत्रे उडाले आणि पाणी वायरीवरून ओघळत पट्टीत शिरलं. तेव्हापासून मी पट्टीत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ देतो. पाणी वायरीवरून येतं, झोळाच्या तळाशी थेंब होऊन गळतं, वर चढून पट्टीत जात नाही. वायर पट्टीत घ्यायची तीही खालून किंवा बाजूने, वरून कधीच नाही. भोकाला रबरी ग्रोमेट बसवा, नाहीतर पत्र्याची धार इन्सुलेशन कापते.

फटी बुजवायला सिलिकॉन वापरा, पण व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं नको. त्यातून सुटणारं आम्ल तांब्याला आणि पत्र्याला खातं. दुकानात न्यूट्रल क्युअर मागा. वरच्या आणि बाजूच्या फटी पूर्ण बुजवा, म्हणजे पाल आणि कुंभारीण दोन्ही बाहेर राहतील. तळाशी मात्र एक बारीक भोक मोकळं ठेवा, जमलेलं दव त्यातून गळून जातं. स्क्रू स्टेनलेसचे घ्या. ३१६ दर्जाचे मिळाले तर उत्तम, ते खाऱ्या हवेत ३०४ पेक्षा जास्त टिकतात.

समुद्राच्या बाजूला जुन्या पट्टीच्या जागी मी प्लास्टिकच्या बंद खोळीतली आयपी ६५ दर्जाची एलईडी पट्टी लावली. धूळ आणि पाण्याचा फवारा तिच्यात शिरत नाही. तिला कुठेही भोक पाडायचं नाही. पावसाची झड थेट येते अशा जागी जुन्या पट्टीचा मोह धरू नका.

पट्टी पत्र्याच्या छपराला चिकटवून लावू नये, फूटभर खाली टांगावी. एप्रिल-मेच्या दुपारी पत्रा तापतो आणि ड्रायव्हर उष्णतेने लवकर जातो. आणि एक गोष्ट लावल्यावरच कळते: जुनी ट्यूब चहूबाजूंनी उजेड टाकायची, एलईडी मुख्यतः खाली टाकते. आढीवर झक्क उजेड पडतो, पण माळ्यावरचे नारळ अंधारात जातात. आम्ही माळ्यासाठी वेगळा ९ वॅटचा बल्ब लावला.

चिठ्ठी आणि जुनी ट्यूब

झाकण बसवण्याआधी पट्टीवर पक्क्या शाईने लिहा: “एलईडी. थेट २३० व्होल्ट. जुनी ट्यूब लावू नये.” एका टोकाला वायरिंग केलेल्या पट्टीत कुणी जुनी ट्यूब घातली, तर पूर्ण दाब एका तंतूवर येतो, तो क्षणात जळतो आणि काच तडकू शकते. काढणीच्या दिवसांत गड्यांपैकी कुणीही माळ्यावरची जुनी ट्यूब काढून लावू शकतो. चिठ्ठी त्याच्यासाठी आहे.

चोक, पत्रा भंगारवाल्याला द्या. ट्यूब मात्र नाही. तिच्यात थोडा पारा असतो. ती परसात फोडली किंवा खाडीच्या कडेला टाकली, की तो पारा गाळात जातो, तिथे त्याचं जास्त विषारी रूप होतं आणि ते मासळीत साठत जातं. तीच मासळी आपल्या ताटात येते. पाऱ्याच्या दिव्यांचा समावेश आपल्याकडे २०१६ पासून ई-कचऱ्याच्या नियमांत आहे, आणि पाऱ्याचा वापर आवरण्यासाठीच्या मिनामाता करारातल्या देशांनी २०२३ मध्ये जिनिव्हाला ठरवलं की या लांब ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायची. बारीक ट्यूब असेल तर नवीन एलईडीच्या खोक्यात सरकते. तशीच उभी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि नगरपंचायतीच्या किंवा दुकानदाराच्या ई-कचरा संकलनात द्या.

फुटलीच, तर दारं उघडून सगळ्यांना पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढा. केरसुणी फिरवू नका, तिने पूड उडते. जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, पूड ओल्या कागदाने टिपा, सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा. पेंढ्यावर फुटली असेल, तर तेवढा पेंढा काढून बांधून वेगळा ठेवा. तो गुरांना घालायचा नाही आणि जाळायचाही नाही.

वीज चालू केल्यावर पहिला अर्धा तास मी खालीच बसून राहिलो. मग मेन बंद करून पट्टीवर, होल्डरवर, कनेक्टरवर हात फिरवला. सगळं थंड होतं. आता दरवर्षी आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामात, छपराचे पत्रे बघताना, दोन्ही झाकणं उघडतो, कनेक्टरचे स्क्रू पाव वळसा आवळून बघतो, आणि तांब्यावर कुठे हिरवं दिसतंय का ते बॅटरी मारून पाहतो.